अमेरिकेचे दोन कागद

४ जुलै २०२६ या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही शाळेच्या पुस्तकात भेटून नंतर विसरली गेलेली नावे पुन्हा कानावर येत आहेत. त्याच देशातून येणाऱ्या अलीकडच्या बातम्या मात्र आपल्याला कोड्यात टाकतात. अध्यक्षांनी २०२५ मध्ये जगभरच्या मालावर आयातशुल्क लावले, भारतीय मालावर ते ५० टक्क्यांपर्यंत गेले, आणि अशा रीतीने शुल्क लावण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही असे सांगणारे निकाल तिथल्याच न्यायालयांनी दिले. त्याच वर्षी खर्चाला मंजुरी मिळाली नाही म्हणून १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४३ दिवस सरकारी कचेऱ्यांचे काम अंशतः ठप्प झाले. जगातला सर्वांत बलाढ्य म्हणवला जाणारा पदाधिकारी आपल्याच घरात इतका बांधलेला कसा, असा प्रश्न आपल्याला पडतो.

या प्रश्नाचे उत्तर अठराव्या शतकातल्या दोन कागदांत आहे, आणि पुष्कळसा गोंधळ हे दोन कागद एकच समजल्यामुळे होतो. पहिला कागद म्हणजे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि दुसरा म्हणजे १७८७ ची राज्यघटना. दोन्ही फिलाडेल्फिया शहरातल्या एकाच इमारतीत मंजूर झाले, त्यामुळे ते त्याच माणसांनी एका दमात लिहिले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात दोहोंमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे. पहिल्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत, दुसऱ्यावर ३९ जणांच्या, आणि दोन्हींवर सही असलेली माणसे आहेत फक्त सहा. पहिला कागद हा दावा आहे आणि दुसरा करार. दावा मांडताना माणूस मोठ्या आवाजात तत्त्वे सांगतो. करार करताना मात्र समोरचा उद्या फसवू शकतो हे धरूनच कलमे घालतो. हा फरक ध्यानात ठेवला, तर पुढचे समजायला सोपे जाते.

## भांडण सुरू झाले कशावरून?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिटनच्या तेरा वसाहती होत्या. वसाहत म्हणजे दूरच्या राजसत्तेच्या ताब्यातला, पण बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांनी वसवलेला मुलूख. या वसाहतींना आपापली विधिमंडळे होती आणि स्थानिक कर तीच ठरवत. १७६३ मध्ये फ्रान्सबरोबरचे मोठे युद्ध जिंकून ब्रिटन कर्जात बुडाले, आणि त्या कर्जाचा भार वसाहतींनीही उचलावा असे लंडनच्या संसदेला वाटू लागले. १७६५ मध्ये वर्तमानपत्रे, कोर्टाचे कागद, एवढेच काय पण पत्त्यांचे जोड यांवरही मुद्रांक कर बसला. वसाहतींचे म्हणणे असे होते की तुमच्या संसदेत आमचा एकही प्रतिनिधी बसत नाही, तेव्हा आमच्या खिशाला हात घालण्याचा अधिकार तुम्हाला नाही. वर्षभरात तो कर मागे घ्यावा लागला, पण करांचे नवनवे प्रकार येतच राहिले.

पुढे आपल्या चांगल्या ओळखीची एक कंपनी या कथेत शिरते. १७७० च्या आगेमागे ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि लंडनच्या गोदामांत चिनी चहा न विकता पडून होता. १७७३ मध्ये संसदेने कंपनीसाठी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना पाठ असलेला रेग्युलेटिंग ॲक्ट, ज्याने भारतातल्या कारभाराला वेसण घातली. दुसरी म्हणजे हा पडून असलेला चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलत. या सवलतीमुळे अमेरिकेत चहा स्वस्तच होणार होता. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात लोकांनी तीन जहाजांवर चढून ३४२ पेट्या फोडल्या आणि चहा पाण्यात ओतला.

स्वस्त चहा कुणी फेकून देते का, अशी शंका इथे साहजिक आहे. त्या चहावर पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर कायम ठेवला होता, आणि तो चहा विकत घेणे म्हणजे संसदेचा कर लावण्याचा हक्क मुकाट्याने मान्य करणे होते. तुमच्या खात्यातून तुमच्या सहीवाचून कुणी तीन रुपये काढले, तर तीन रुपये किती थोडे आहेत हा मुद्दाच उरत नाही. अर्थात सगळेच तत्त्वासाठी चिडले होते असेही मानू नये. डच चहा चोरून आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदा या स्वस्ताईने बसणार होता, आणि त्यांचा राग अगदी रोकडा होता.

एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि युद्ध सुरू झाले. याच वर्षी इकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले, जे १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. १७८१ मध्ये यॉर्कटाऊनला वसाहतींचे सेनापती वॉशिंग्टन आणि त्यांच्या मदतीला आलेले फ्रेंच यांच्यापुढे ज्याच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला, टिपूविरुद्ध मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन लढला, आणि शेवटी गाझीपूरला वारला. अमेरिकेतला पराभव त्याच्या बढतीच्या आड आला नाही.

## पहिला कागद: सबब आम्ही स्वतंत्र आहोत

युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले तरी आपण नेमके कशासाठी लढतो आहोत हे वसाहतींनी अधिकृतपणे सांगितले नव्हते. तेराही वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात ज्या सभेत जमत तिला काँग्रेस म्हणत. आजही तिथल्या संसदेचे तेच नाव आहे, त्यामुळे अमेरिकेच्या बातमीत काँग्रेस हा शब्द दिसला की आपल्याकडचा पक्ष डोळ्यांपुढे आणू नये. जून १७७६ मध्ये या काँग्रेसने जाहीरनाम्याच्या मसुद्यासाठी पाच जणांची समिती नेमली. त्यात सत्तरीतले बेंजामिन फ्रँकलिन होते, फटकळ जॉन अ‍ॅडम्स होते, आणि लिहिण्याचे काम आले ३३ वर्षांच्या थॉमस जेफरसन यांच्याकडे, कारण ते सभेत फारसे बोलत नसत, पण त्यांची लेखणी उत्तम चाले.

जेफरसन यांनी शहराच्या कडेला एका गवंड्याच्या विटांच्या घरात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मांडीवर ठेवून लिहिता येईल अशी घडीची छोटी लेखनपेटी त्यांनी स्वतः आखणी करून सुताराकडून करवून घेतली होती, आणि तिच्यावर हा मसुदा लिहिला गेला. त्यांची सेवा करायला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा बरोबर होता. तो जेफरसन यांचा गुलाम होता, आणि नात्याने त्यांच्या पत्नीचा सावत्र भाऊ, कारण जेफरसन यांच्या सासऱ्यांना एका गुलाम स्त्रीपासून झालेले ते मूल होते. ही खोली, ती लेखनपेटी आणि हा मुलगा एकत्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय अमेरिकेची ही कहाणी पुरती कळत नाही असे मला वाटते.

वकिलाची नोटीस ज्यांनी हाताळली आहे त्यांना जाहीरनाम्याची रचना लगेच ओळखू येईल. नोटिशीत आधी हक्काचे विधान असते, मग ‘आपण अमुक केले, तमुक केले’ अशी कैफियत येते आणि शेवटी ‘सबब’ या शब्दाने मागणी सुरू होते. जाहीरनाम्यातही आधी तत्त्व आहे: सर्व माणसे समान जन्मलेली आहेत, जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे त्यांचे हिरावून न घेता येणारे हक्क आहेत, सरकारे या हक्कांच्या रक्षणासाठी असतात, त्यांची सत्ता प्रजेच्या संमतीतून येते, आणि सरकार त्या कामाला मुकले तर ते बदलण्याचा अधिकार प्रजेला आहे. त्यानंतर राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्ध २७ तक्रारींची यादी आहे. मग ‘सबब’ या वसाहती स्वतंत्र राज्ये आहेत. जगाने लक्षात ठेवला तो पहिला भाग. १७७६ च्या वाचकाला मात्र त्या २७ तक्रारीच महत्त्वाच्या वाटल्या असणार, कारण फाशीच्या दोराखाली मान द्यायला त्याला सबळ कारण हवे होते.

स्वातंत्र्याचा ठराव खरे तर २ जुलैला संमत झाला, आणि हाच दिवस पुढे पिढ्यान्‌पिढ्या साजरा होईल असे अ‍ॅडम्स यांनी पत्नीला मोठ्या उत्साहाने लिहून कळवले. पण ४ तारखेला मजकूर मंजूर झाला, रात्रीतून छापला गेला, आणि छापील कागदावरची तारीखच लोकांच्या लक्षात राहिली. बहुतेक सह्या तर थेट २ ऑगस्टला झाल्या. न्यूयॉर्कमध्ये ९ जुलैला जाहीर वाचन झाल्यावर जमावाने राजाचा शिशाचा पुतळा पाडला, आणि पुढे त्याचे शिसे वितळवून ४२,०८८ बंदुकीच्या गोळ्या पाडण्यात आल्या.

## मग ते ढोंगच नव्हते का?

जेफरसन यांच्या मालकीचे गुलाम आयुष्यभरात मिळून सहाशेहून अधिक होते. ‘सर्व माणसे समान’ हे वाक्य ज्याने लिहिले त्यालाच ते लागू करता आले नाही, हे मान्य करण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही. त्यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा एक लांब परिच्छेद होता. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहाने काँग्रेसने तो काढून टाकला. एकूण मसुद्याचा जवळपास चौथा हिस्सा छाटला गेला, आणि जेफरसन तेवढा वेळ चडफडत बसून राहिले. स्त्रियांचे नाव तर कुठेच नव्हते. अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल यांनी मार्च १७७६ मध्येच नवऱ्याला लिहिले होते की नवे कायदे कराल तेव्हा बायकांचा विसर पडू देऊ नका. अ‍ॅडम्स यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली.

मात्र दाव्यात एकदा लिहिलेले विधान दावा लावणाऱ्यावरही उलटू शकते, आणि पुढे तसेच झाले. तो भाग आपण शेवटी पाहू. आधी करार.

## वर्गणी ऐच्छिक असलेली सोसायटी

स्वतंत्र झालेल्या तेरा राज्यांनी आपसांत पहिला करार केला तो राज्यघटनेचा नव्हता. १७८१ मध्ये अमलात आलेल्या या पहिल्या कराराला संघाची कलमे म्हणतात, आणि तो किती लंगडा होता हे गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. तेरा फ्लॅटची एक सोसायटी आहे असे समजा. तिला सचिव नाही, देखभालीची वर्गणी सक्तीने वसूल करता येत नाही, फक्त विनंती करता येते, आणि नियमावलीतला एक शब्द बदलायचा तरी तेराही सभासदांची संमती लागते. अशा सोसायटीत पाण्याची मोटर जळाली की काय होईल?

अमेरिकेत तेच झाले. युद्धाचे कर्ज फेडायला आयात मालावर पाच टक्के शुल्क लावू द्या असे काँग्रेसने सुचवले. बारा राज्ये तयार झाली असती तरी ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने नकार दिला आणि विषय संपला. १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीलाच वेढा घातला, तेव्हा काँग्रेसने शेजारच्या न्यू जर्सीत पळ काढला. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या पुढारीपणाखाली कोर्टे बंद पाडली, म्हणजे जप्तीचे दावे चालूच नयेत. तो उठाव मोडायला केंद्राकडे ना पैसा होता ना फौज. बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. मालमत्ता असलेल्यांना या प्रकाराने घाम फुटला, आणि नवा करार हवा यावर एकदम एकमत होऊ लागले. राज्यघटनेच्या जन्मात या भीतीचा वाटा आदर्शांइतकाच मोठा होता.

## बंद खिडक्यांआडचा करार

२५ मे १७८७ पासून १७ सप्टेंबरपर्यंत फिलाडेल्फियात जी परिषद चालली तिला एकूण ५५ प्रतिनिधी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. जेफरसन पॅरिसमध्ये आणि अ‍ॅडम्स लंडनमध्ये देशाचे राजदूत म्हणून होते, त्यामुळे राज्यघटना जेफरसन यांनी लिहिली हा आपल्याकडचा नेहमीचा समज चुकीचा आहे. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. १७८३ मध्ये, युद्ध जिंकून हाती सगळी फौज असताना, त्यांनी सेनापतिपदाचा राजीनामा देऊन शेतीवाडीकडे परत जाणे पसंत केले होते, आणि अशा माणसाच्या हाती सत्ता दिली तरी ती परत मिळते हा विश्वास तेव्हा दुर्मीळ होता. खरी तयारी करून आले होते ते ३६ वर्षांचे जेम्स मॅडिसन, प्रकृतीने किरकोळ आणि अभ्यासाने दांडगे. त्यांनी रोज पुढच्या रांगेत बसून नोंदी घेतल्या. चर्चा बाहेर फुटू नये म्हणून दारावर पहारा होता आणि ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद. लोकशाहीचा पाया गुप्त बैठकीत घातला गेला हे खटकते खरे, परंतु उघड सभेत बोललेले मागे घेणे किती अवघड असते हे आपणही रोज पाहतो.

पहिला पेच होता मोजणीचा. सोसायटीत एका फ्लॅटला एक मत की चौरस फुटांप्रमाणे मत? मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, छोट्यांना समान. जुलैमध्ये तोडगा निघाला की संसदेला दोन सभागृहे असावीत. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. आज सुमारे ३.९ कोटी लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला सेनेटमध्ये दोन जागा आहेत, आणि सहा लाखही लोक नसलेल्या वायोमिंगला दोनच. ही विषमता म्हणजे नजरचूक नव्हे, सह्या मिळवण्यासाठी मोजलेली किंमत आहे.

दुसरा पेच पहिल्याच्या पोटातला आणि अधिक ओंगळ होता. लोकसंख्या मोजताना गुलाम धरायचे का? दक्षिणेकडच्या राज्यांना ते मोजायला हवे होते, कारण त्यातून जागा वाढत. माणूस म्हणून हक्क मात्र द्यायचे नव्हते. तोडगा असा ठरला की पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. गुलामांची आयात किमान १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, आणि पळून गेलेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तरी परत करावा लागेल, हीही कलमे आली. एवढे सगळे लिहून मूळ घटनेत गुलाम हा शब्द एकदाही नाही. ‘इतर व्यक्ती’ असे आडवळणाचे शब्द आहेत. लाज वाटत होती, तरी सही केली.

अध्यक्ष निवडायची पद्धतही याच सौद्याचे अपत्य आहे. जनतेने थेट निवडावे असा एक प्रस्ताव होता, पण थेट मतदानात दक्षिणेच्या गुलामांची गणती झाली नसती, ही अडचण मॅडिसन यांनीच बोलून दाखवली. मग निर्वाचक मंडळ आले: प्रत्येक राज्याला संसदेतल्या एकूण जागांइतके निर्वाचक, आणि ते अध्यक्ष निवडणार. आज असे ५३८ निर्वाचक असतात आणि २७० मिळवणारा जिंकतो. म्हणूनच २०१६ मध्ये देशभरात २८ लाखांहून अधिक जास्त मते मिळवून हिलरी क्लिंटन हरल्या. सुरुवातीच्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्ष व्हर्जिनियाचेच होते, आणि ते चारही जण गुलामांचे मालक होते, हेही या संदर्भात आठवावे.

## एकमेकांवर पाळत

या परिषदेतल्या माणसांनी राजाला घालवले होते आणि शेजच्या उठावामुळे ते जमावालाही घाबरले होते. त्यामुळे सत्ता कुणा एकाच्या हाती द्यायला ते धजले नाहीत. आपल्याकडे सार्वजनिक मंडळाच्या बँक खात्यावर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांच्या सह्या लागतात, त्यामागे जी अक्कल आहे तीच इथे देशाच्या पातळीवर वापरली गेली. कायदे करणे, कर बसवणे आणि खर्च मंजूर करणे काँग्रेसकडे, अंमलबजावणी आणि सेनापतिपद अध्यक्षांकडे, निवाडा न्यायालयांकडे. शिवाय प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगणात थोडे पाऊल टाकता येते. अध्यक्ष कायद्यावर नकाराधिकार वापरू शकतात, काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी तो उलटवू शकते. न्यायाधीश अध्यक्ष नेमतात, पण सेनेटच्या संमतीने.

या मांडणीच्या समर्थनार्थ मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी एकाच टोपणनावाने न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ८५ लेख लिहिले. त्यांपैकी ५१ एकट्या हॅमिल्टन यांचे. कॅरिबियन बेटावरून पोरका आलेला हा तरुण पुढे देशाचा पहिला अर्थमंत्री झाला. मॅडिसन यांनी एका लेखात लिहिले की माणसे देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती, आणि महत्त्वाकांक्षेला आवर घालायला दुसरी महत्त्वाकांक्षाच कामी येते. चांगली माणसे निवडून येतील या भरवशावर ही यंत्रणा उभी नाही.

सुरुवातीच्या दोन बातम्या आता पुन्हा पाहा. आयातशुल्क हा कर आहे, कर बसवणे काँग्रेसचे काम आहे, आणि काँग्रेसने एखाद्या जुन्या कायद्याने अध्यक्षांना तो अधिकार दिला होता की नाही एवढाच न्यायालयापुढचा प्रश्न होता. बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये हेच भांडण होते: कर लावणारा कोण? आणि ४३ दिवसांचा ठप्प कारभार म्हणजे खात्यावर दुसरी सही न झाल्याचा परिणाम. आपल्या संसदीय पद्धतीत लोकसभेत अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकार पडते, म्हणून सहसा असा तिढा येत नाही. तिथे अध्यक्ष आणि काँग्रेस वेगवेगळे निवडून येतात, दोघांची मुदत ठरलेली असते, आणि एक दुसऱ्याला घरी पाठवू शकत नाही. महाभियोग आहे, पण सेनेटमध्ये त्याला दोन तृतीयांश मते लागतात आणि आजवर एकही अध्यक्ष त्या मार्गाने पदच्युत झालेला नाही.

## हक्क मागाहून जोडले, आणि दुरुस्ती इतकी अवघड का?

मूळ घटनेत भाषणस्वातंत्र्य नव्हते, धर्मस्वातंत्र्य नव्हते. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन हक्कांची सनद नाही म्हणून सही न करताच घरी गेले. अनेक राज्यांनी ‘आधी मान्यता देतो, मग हक्क घाला’ या बोलीवर होकार दिला. ऱ्होड आयलंडने तर १७९० पर्यंत ताटकळत ठेवून ३४ विरुद्ध ३२ अशा निसटत्या मतांनी मान्यता दिली. १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या, त्यांनाच हक्कांची सनद म्हणतात. त्या वेळी राज्यांकडे प्रत्यक्षात बारा दुरुस्त्या गेल्या होत्या. मागे राहिलेल्या दोहोंपैकी एक खासदारांच्या पगारवाढीविषयी होती. ती १९८२ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याला निबंधाचे टिपण करताना सापडली, त्याने राज्याराज्यांना पत्रे धाडली, आणि १९९२ मध्ये, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी, ती सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून मंजूर झाली. त्याच्या निबंधाला मात्र मास्तरांनी ‘सी’ दिला होता.

सव्वादोनशेहून अधिक वर्षांत फक्त २७ दुरुस्त्या, आणि आपल्याकडे १९५० पासून शंभराहून अधिक. असे का? तिथे काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळाल्यावर तीन चतुर्थांश राज्यांची, म्हणजे आज ५० पैकी ३८ राज्यांची, मान्यता लागते. आपल्याकडे बहुतेक कलमांना संसदेचे विशेष बहुमत पुरते. ही सोय आपोआप आलेली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जेफरसन यांचाच विचार उद्धृत केला होता की प्रत्येक पिढी हे स्वतंत्र राष्ट्र आहे आणि एका पिढीला पुढच्या पिढीचे हात बांधता येत नाहीत. ज्या देशात हा विचार जन्मला त्या देशाने तो आपल्या घटनेत घातला नाही. तो इकडे जास्त मनावर घेतला गेला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

## त्या एका वाक्याचे पुढे काय झाले?

दाव्यातले वाक्य आणि करारातली कलमे यांच्यामध्ये जी दरी होती तिच्यात पुढे लाखो माणसे मेली. १७९० च्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती आणि त्यांतले जवळपास सात लाख गुलाम होते. ज्यांना वगळले होते त्यांनीच ते वाक्य उचलून धरले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी जाहीरनाम्याची हुबेहूब नक्कल करून ‘सर्व पुरुष आणि स्त्रिया समान आहेत’ असे लिहिले. गुलामीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये ४ जुलैच्या समारंभासाठी भाषणाला बोलावल्यावर ५ जुलैला उभे राहून विचारले की गुलामाला तुमचा हा सण काय सांगतो? गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या दफनभूमीवर अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये ८७ वर्षांपूर्वी आपला देश जन्मला असे म्हटले. वजाबाकी करून पाहा: उत्तर १७७६ येते, १७८७ नाही. लिंकन यांनी देशाचे वय कराराच्या तारखेपासून न मोजता दाव्याच्या तारखेपासून मोजले, आणि त्या एका हिशेबात सगळा वाद आला.

युद्धानंतर १८६५ ते १८७० या काळात तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी संपली आणि काळ्या पुरुषांना मताचा अधिकार कागदावर मिळाला. स्त्रियांना १९२० पर्यंत थांबावे लागले. पुण्यात महात्मा फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती याच अमेरिकी लोकांना, गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. टॉमस पेन यांचे मानवी हक्कांविषयीचे लिखाण त्यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८४७ मध्ये वाचले होते. हे तेच पेन ज्यांच्या पत्रकाने १७७६ च्या जानेवारीत वसाहतींना स्वातंत्र्याच्या बाजूला ओढले. आपली अर्पणपत्रिका लिहिताना फुल्यांनी आपले बांधव हाही धडा गिरवतील अशी आशा व्यक्त केली आहे.

१८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीचे पहिलेच वाक्य सांगते की अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या कायद्याच्या कक्षेत येणारी प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची नागरिक आहे. समानतेचे जे विधान तोवर फक्त दाव्यात होते, ते या दुरुस्तीने करारात आले. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क या स्वयंपाक्याला चीनहून परतताना बंदरावर अडवले गेले होते, तेव्हा १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच वाक्य वाचून तो नागरिक आहे असा निकाल दिला. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षांनी आदेश काढला की आईचा मुक्काम तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानू नये. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी जोडप्यांचे फोन त्या आठवड्यात घरोघरी वाजत होते. बाळंतपणाच्या तारखा मोजल्या जात होत्या. त्या आदेशाला पहिली स्थगिती तीन दिवसांत मिळाली, आणि सिअ‍ॅटलच्या ज्या जिल्हा न्यायाधीशांनी ती दिली त्यांना अध्यक्षांच्या अधिकाराविरुद्ध एवढे बळ देणारी व्यवस्था १७८७ च्या त्या बंद खिडक्यांआड ठरली होती.